आजोबांच्या गावाचा इतिहास लिहिताना: म्यूरिएल राइट यांचं प्रकरण

१८५८ च्या सप्टेंबरात बटरफिल्ड कंपनीची पहिली टपालगाडी मिसूरीतून निघाली आणि २५ दिवसांच्या आत सॅन फ्रान्सिस्कोला पोचली. साधारण २,८०० मैलांच्या त्या वाटेतले १९२ मैल चॉक्टॉ आणि चिकसॉ या मूळ अमेरिकन (‘इंडियन’) लोकांच्या राष्ट्रांच्या हद्दीतून जात. अर्कान्सातल्या फोर्ट स्मिथपासून ते रेड नदी तराफ्यावरून ओलांडायच्या कोलबर्टच्या उतारापर्यंत घोडे बदलायची १२ ठाणी होती, सरासरी सोळा-सोळा मैलांवर एक. १८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू झालं आणि गाडी बंद पडली. मग रेल्वे आली, तीही वेगळ्या मार्गानं. ठाण्यांच्या इमारती पडल्या, विहिरी बुजल्या. पुढे या मुलखाचं ओक्लाहोमा राज्य झालं, आणि गाडी बंद पडल्यावर सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी ही ठाणी नेमकी कुठे होती असं विचारलं तर त्याचं उत्तर एका कागदावर सापडेल अशी सोय उरली नव्हती.

१९३३ साली ‘क्रॉनिकल्स ऑफ ओक्लाहोमा’ या त्रैमासिकात फोर्ट स्मिथ ते रेड नदी या वाटेवरच्या ऐतिहासिक स्थळांवर म्यूरिएल हेझल राइट यांचा लेख आला. लेखिका चॉक्टॉ होत्या, वय ४४, व्यवसायानं शाळामास्तरीण. पदव्युत्तर शिक्षण अर्धवट राहिलेलं, डॉक्टरेट नाही, विद्यापीठात नोकरी नाही. पुढची चाळीस वर्षं मात्र ओक्लाहोमाच्या इतिहासलेखनात काय छापावं आणि काय नाही, यावर त्यांच्याइतकी पकड क्वचितच कुणाची होती. त्यांच्या कामाची ताकद जिथून आली, त्याच जागेतून त्यातला दोषही आला. हे प्रकरण मांडायचं ते त्यासाठी.

ठाणी शोधण्यातली अडचण

अमेरिकेत एखादी जुनी खानावळ किंवा सराई शोधायची तर संशोधक आधी काउंटीच्या कचेरीत जातो आणि जमिनीची खरेदीखतं उलट्या क्रमानं पाहत मागे सरकतो. चॉक्टॉ मुलखात ही वाट पहिल्याच पायरीला अडते. इथे जमीन सगळ्या राष्ट्राच्या सामाईक मालकीची होती. घर, कुंपण, विहीर, फळबाग ज्यानं केली त्याची, खालची माती कुणा एकाची नाही. त्यामुळे खरेदीखतं नाहीतच. वैयक्तिक मालकीची साखळी सुरू होते ती विसाव्या शतकाच्या आरंभी झालेल्या जमीनवाटपापासून. १८५८ चा ठाणेदार त्या साखळीत असणार कसा?

मग हाती काय उरतं? पहिलं म्हणजे गाडीच्या वेळची अंतरांची यादी. पहिल्या फेरीच्या सुमारास टपाल खात्याच्या माणसानं ठाण्यागणिक मैल नोंदवले होते, आणि न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्राचा बातमीदार वॉटरमन ऑर्म्सबी याच गाडीत शेवटपर्यंत बसून वर्णनं पाठवत होता. पण ही माणसं परकी. कानावर पडलं तसं नाव लिहिलं. ट्रेहर्नचं ‘ट्रेयन’ झालं, नेलच्या नावाचं स्पेलिंग बदललं. ज्याला मुलखातली घराणी माहीत नाहीत तो ‘ट्रेयन’ नावाचा माणूस जन्मभर शोधत बसेल.

दुसरं साधन चॉक्टॉ विधिमंडळाचे कायदे. वाटेवरचे पूल आणि बांधीव रस्ते राखायचे आणि त्या बदल्यात टोल घ्यायचा, असे परवाने विधिमंडळ आपल्या नागरिकांना नावानिशी देत असे, आणि त्यांतले काही जण ठाणेदारही होते. तिसरं, १८९० च्या दशकाच्या उत्तरार्धात झालेल्या सरकारी मोजणीचे नकाशे. वाटप करायचं म्हणून सगळा मुलूख एक-एक मैलाच्या चौकटींत मोजला गेला, तेव्हा जुन्या गाडीवाटा अजून वापरात होत्या आणि त्या नकाशावर आल्या. चौथं, वाटपाची कागदपत्रं. लोकांनी शक्यतो स्वतःचं किंवा बापाचं घर-कुंपण असलेली जमीनच निवडली, त्यामुळे १९०३ नंतरचा वाटेकरी कित्येकदा १८५८ च्या ठाणेदाराच्या जागी पोचवतो. आणि शेवटी पायी फिरणं: धुराड्याचे दगड, विहिरीचा कठडा, कुंपणातली दोन-तीन थडगी, ओढ्याच्या काठावर चाकांनी खचलेली घळ.

यातलं एकेक साधन सुटं घेतलं तर चकवतं. चाकांच्या घळी तर सगळ्यात जास्त, कारण टेक्सासला जाणारी जुनी वाट, लष्कराची वाट आणि टपालाची वाट पुष्कळ ठिकाणी एकमेकींवरून जातात. अंतरांची यादी आणि नावं जुळली, वर कुणा म्हाताऱ्या माणसानं ‘आमचा आजा इथे घोडे ठेवायचा’ असं सांगितलं, की मगच जागा पक्की धरायची.

राइट यांना इथे जो फायदा होता तो पदवीनं मिळणारा नव्हता. ट्रेहर्न, रिडल, पुस्ली, नेल, कोलबर्ट ही त्यांच्यासाठी यादीतली नावं नव्हती, घरात बोलताना येणारी घराणी होती. १२ ठाण्यांपैकी बॉगी डेपो तर त्यांच्या आजोबांचंच गाव.

घराणं

आजोबा ॲलन राइट यांचं चॉक्टॉ नाव किलियाहोटे, ‘चला, विस्तव पेटवू’ अशा अर्थाचं. जन्म १८२६, मिसिसिपीत. १८३० च्या डान्सिंग रॅबिट क्रीकच्या तहानंतर चॉक्टॉंना पश्चिमेला हाकललं गेलं, त्यात ते लहानपणी आले. मिशनऱ्यांनी नाव बदललं, शिकवलं, स्पेन्सर अकादमीतून पुढे न्यूयॉर्कमध्ये धर्मशास्त्रापर्यंत. ग्रीक आणि हिब्रूतून ते चॉक्टॉत भाषांतर करत. १८८० मध्ये त्यांचा चॉक्टॉ शब्दकोश निघाला. १८६६ ते १८७० ते राष्ट्राचे मुख्य प्रमुख होते.

‘ओक्लाहोमा’ हे नाव त्यांचंच म्हणतात. चॉक्टॉत ‘ओक्ला’ म्हणजे लोक, ‘हुम्मा’ म्हणजे लाल. विशेषण नामाच्या मागून येतं. यादवी युद्धानंतर अमेरिकेशी झालेल्या १८६६ च्या तहाच्या आठव्या कलमात ओक्लाहोमा प्रदेश हा शब्द आहे, पण तो कुणी सुचवला हे तहात लिहिलेलं नसतं. ते ओळखीच्यांच्या आणि घरच्यांच्या आठवणींतून येतं. नात इतिहासकार निघाली की अशा आठवणी तळटिपांत बसतात, आणि एकदा तळटिपेत बसलेली गोष्ट हलवणं फार अवघड जातं. या एका बाबतीत ते बरंच झालं असावं. सगळीकडे तसं म्हणता येत नाही.

म्यूरिएल यांचा जन्म ३१ मार्च १८८९ चा, लीहाय या कोळशाच्या गावी. वडील एलिफलेट नॉट राइट डॉक्टर, खाणकंपनीचे वैद्य. आई आयडा बेल रिचर्ड्स मिसूरीहून आलेली प्रेस्बिटेरियन मिशनची शिक्षिका. मॅसॅच्युसेट्समधल्या व्हीटन सेमिनरीत दोन वर्षं, वडील राष्ट्राचे प्रतिनिधी म्हणून वॉशिंग्टनला गेले तेव्हा तिकडे, परतून एडा इथल्या नव्या अध्यापक विद्यालयाची पदवी. १९१६-१७ मध्ये न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजात इंग्रजी आणि इतिहास. महायुद्धामुळे ते सुटलं. मग कोल काउंटीतल्या खेड्यात मुख्याध्यापकी.

त्या अठरा वर्षांच्या असताना, १६ नोव्हेंबर १९०७ ला, ओक्लाहोमा राज्य झालं आणि त्यांचं राष्ट्र व्यवहारात संपलं. विधिमंडळ नाही, न्यायालयं नाहीत, सामाईक जमीन नाही. प्रत्येक नोंदलेल्या चॉक्टॉला सरासरी प्रतीची ३२० एकर जमीन, त्यातली १६० राहत्या घराची म्हणून काही काळ न विकता येणारी. पूर्वी गुलाम असलेल्या कृष्णवर्णीयांना, म्हणजे ‘फ्रीडमेन’ना, ४० एकर. प्रमुख नेमायचा अमेरिकेच्या अध्यक्षांनी. चालत्या देशाचं दप्तर एकदम जुनी रद्दी ठरलं, आणि ते निरनिराळ्या कचेऱ्यांत, पेट्यांत, घरांच्या माळ्यांवर विखुरलं. १९३४ साली काँग्रेसनं कायदा करून चॉक्टॉ, चिकसॉ, चेरोकी, क्रीक आणि सेमिनोल या पाच राष्ट्रांची कागदपत्रं ‘क्रॉनिकल्स’ काढणाऱ्या ओक्लाहोमा हिस्टॉरिकल सोसायटीच्या ताब्यात दिली. तोवर बारा वर्षं राइट यांचं काम चालू होतं, म्हणजे सुरुवातीचं बरंचसं लेखन संघटित दप्तरखाना नसताना झालेलं आहे. त्यांचे विसाच्या दशकातले लेख वाचताना हे ध्यानात ठेवलं नाही, तर तळटिपा कमी का, हे कळत नाही.

लेखणी कशी चालली

जोसेफ थोबर्न यांच्याबरोबर त्यांनी राज्याचा चार खंडांचा इतिहास केला, तो १९२९ मध्ये निघाला. त्या काळच्या राज्य-इतिहासांची रीतच अशी की अर्धे खंड इतिहासाचे आणि अर्धे प्रतिष्ठित घराण्यांच्या चरित्रांचे. याही संचाचं तसंच आहे, आणि चरित्रांचे खंड जपूनच वापरावेत. त्याच वर्षी त्यांचं शालेय पुस्तक आलं. ओक्लाहोमाच्या मुलांच्या कित्येक पिढ्यांनी आपल्या राज्याचा इतिहास या चॉक्टॉ बाईंच्या पुस्तकांतून शिकला, हे सहसा कुणी मोजत नाही.

पण खरं काम लेखांत आहे. १९२७ चा जुन्या बॉगी डेपोवरचा लेख घ्या. हे गाव वाहतं होतं. १८७२ मध्ये रेल्वे पूर्वेकडून, अटोकावरून गेली आणि गाव ओस पडलं. ॲलन राइट मात्र तिथेच राहिले आणि १८८५ मध्ये तिथेच गेले. दुकान कुठे, चर्च कुठे, कुणाचं घर कुणाच्या शेजारी, हे लेखात इतकं बारकाईनं येतं की कागदावर गावाचा नकाशा काढता यावा. ही माहिती दप्तरात नव्हती. घरात होती.

१९२८ चा स्थलांतरावरचा लेख वेगळ्या जातीचा, सरकारी कागदांवर उभा. १८३० च्या तहाचं चौदावं कलम असं होतं: ज्याला मिसिसिपीतच राहायचं असेल त्यानं तह मंजूर झाल्यापासून सहा महिन्यांत एजंटाकडे नाव नोंदवावं, कुटुंबप्रमुखाला ६४० एकर, दहा वर्षांवरच्या प्रत्येक अविवाहित मुलामागे ३२०, त्याखालच्या मुलामागे १६०, पाच वर्षं राहिलं की जमीन कायमची. कलम उदार दिसतं. पण नोंद करणारा एजंट विल्यम वॉर्ड लोकांना परत पाठवी, नोंदी हरवी. त्याच्या वहीत अखेर ६९ कुटुंबप्रमुख होते, आणि नाव नोंदवायला आलेले हजारांत होते. १८३१ ते १८३३ या तीन हिवाळ्यांत हजारो लोक चालत, बोटींतून, बैलगाड्यांतून पश्चिमेला गेले. थंडी, कॉलरा आणि अपुरा शिधा यांनी सुमारे २,५०० माणसं गेली असं धरलं जातं. राइट यांनी हे सगळं कोरड्या, जवळजवळ कारकुनी भाषेत मांडलं. ज्यांच्या आजोबांना हा प्रवास लहानपणी करावा लागला त्यांनी तो असा लिहावा, याचं नवल वाटतं. पण त्या काळी बाई, त्यातून इंडियन, त्यातून डॉक्टरेट नसलेली, तिनं आवाज चढवला असता तर लेख सहज बाजूला पडला असता.

नावांचा घोळ या कामात पावलोपावली येतो. चॉक्टॉ योद्ध्यांच्या नावांत शेवटी ‘मारणारा’ या अर्थाचं ‘अबी’ असतं, ते इंग्रजी कारकून ‘अब्बी’, ‘टब्बी’, ‘उबी’ असं काहीही लिहीत. मोशोलाटबी या एकाच प्रमुखाच्या नावाची पाच-सहा रूपं कागदांत भेटतात. त्यात शाळेत घातलं की मुलाला मिशनऱ्याचं किंवा देणगीदाराचं नाव मिळे. किलियाहोटे आणि ॲलन राइट एकच, हे माहीत नसेल तर एका माणसाची दोन चरित्रं होतात. भाषा कानावर असलेला माणूस इथे चार पावलं पुढे असतो.

१९३५ चं परीक्षण

१९३४ मध्ये अँजी डेबो यांचं चॉक्टॉ प्रजासत्ताकाच्या उदय आणि अस्तावरचं पुस्तक आलं. डेबो शेतकऱ्याची गोरी मुलगी, ओक्लाहोमा विद्यापीठाची डॉक्टरेट. पुस्तकाला अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशनचा जॉन एच. डनिंग पुरस्कार मिळाला. राइट यांनी १९३५ मध्ये ‘क्रॉनिकल्स’मध्ये त्यावर लांबलचक आणि कडक परीक्षण लिहिलं. हे भांडण नीट पाहिलं की प्रकरणाची गाठ सापडते.

डेबो यांनी १८६६ ते १९०७ हा काळ विधिमंडळाच्या आणि न्यायालयांच्या कागदांवरून उभा केला. त्यात संस्था आहेत, शाळा आहेत, आणि भ्रष्टाचारही आहे. १८९२ ची निवडणूक त्यात येते: पुरोगामी पक्षाला लोक ‘गरुड’ म्हणत आणि राष्ट्रीय पक्षाला ‘गिधाडं’, निवडणुकीनंतर खून पडले, अँटलर्सला दोन्ही बाजूंची हत्यारबंद माणसं समोरासमोर आली. त्या खुनांबद्दल सिलन लुईसला १८९४ मध्ये गोळी घातली गेली, ती चॉक्टॉ राष्ट्राच्या शेवटच्या काही फाशीच्या शिक्षांपैकी एक. फाशी म्हणायचं, मारलं गोळीनं.

राइट यांचा रोख असा की या चित्रात गोंधळ फार आणि कर्तबगारी कमी. आक्षेप पोकळ नव्हता. ‘इंडियनांना राज्य चालवता येत नाही, तिथे बेबंदशाही आहे’ याच सबबीवर १८९० च्या दशकात वॉशिंग्टननं ही राष्ट्रं मोडली होती. त्याच बेबंदशाहीची प्रकरणं पुन्हा छापताना वाचकाच्या हाती कुणाचा युक्तिवाद जातो, हे विचारायला हवंच होतं. शिवाय १९३५ मध्ये हा विषय जुना झालेला नव्हता. १९२२ पासून सहा वर्षं राइट चॉक्टॉ समितीच्या सचिव होत्या. १९३४ मध्ये चॉक्टॉ सल्लागार मंडळ झालं, त्याच्याही त्या दहा वर्षं सचिव. राष्ट्राच्या नावावर उरलेली कोळसा आणि डांबराची जमीन सरकारनं विकत घ्यावी म्हणून झगडा चालू होता, तो १९४८ मध्ये ८५ लाख डॉलरवर संपला. पैसे मागायला गेलेल्या राष्ट्राबद्दल ‘ते लोक पैसे खात’ असं पुस्तक छापून येतं तेव्हा सचिवाच्या कपाळावर आठी पडणारच.

पण दुसरी बाजू जास्त जड आहे. ॲलन राइट यांचं घराणं शिकलेल्या, इंग्रजी बोलणाऱ्या, चर्चला जाणाऱ्या थरातलं. ॲलन राइट यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूनं लढले होते. वाटप, राज्य, नागरिकत्व यांकडे हा थर प्रगती म्हणून पाहू शकत होता. जमीनवाटप नाकारणारे, डोंगराळ भागातले, फक्त चॉक्टॉ बोलणारे लोक वेगळं बघत होते. १९०६ मध्ये जेकब जॅक्सन यांनी सिनेटच्या समितीपुढे जाऊन सांगितलं की आमची जमीन विकू द्या आणि आम्हाला मेक्सिको किंवा दक्षिण अमेरिकेत जाऊन वसू द्या. ही माणसं राइट यांच्या पानांवर ठळक होत नाहीत. ज्यांच्या श्रमावर रेड नदीकाठचे कापसाचे मळे चालले ते कृष्णवर्णीय गुलाम आणि नंतरचे फ्रीडमेन, तेही कडेलाच राहतात. यात लबाडी शोधू नये. माहिती घरातून येत होती, आणि घराला ज्या वाटा ठाऊक होत्या त्याच लेखात आल्या.

डेबो यांचं पुढचं पुस्तक, वाटपानंतर जमिनी कशा लुबाडल्या गेल्या यावरचं, ओक्लाहोमात छापायची हिंमत झाली नाही. लुबाडणाऱ्यांतले बडे लोक जिवंत होते. ते १९४० मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाच्या प्रकाशनानं काढलं. परक्या बाईनं तो विषय घेतला आणि किंमत मोजली. घरच्या बाईला राज्यातल्या संस्थेतच काम करायचं होतं.

संपादकाची खुर्ची

१९४३ मध्ये राइट ‘क्रॉनिकल्स’च्या सहसंपादक झाल्या, १९५५ ते १९७३ संपादक. सोडलं तेव्हा वय ८४. त्रैमासिकाला विद्वान आणि हौशी दोन्ही प्रकारचे लेखक लागत. गावच्या निवृत्त पोस्टमास्तरचा लेख घ्यायचा तर तारखा तपासाव्या लागतात, नावं सुधारावी लागतात, तळटिपा स्वतः घालाव्या लागतात. तेव्हाच्या अंकांतल्या संपादकीय टिपा कित्येकदा मूळ लेखापेक्षा उपयोगी आहेत. संशोधकानं त्या आधी वाचाव्यात.

१९५१ च्या त्यांच्या ओक्लाहोमातल्या इंडियन जमातींच्या मार्गदर्शिकेची बांधणी अजून टिकाऊ वाटते. साठांहून अधिक जमाती, वर्णानुक्रमे. प्रत्येकीला ठरलेले कप्पे: नावाचा अर्थ, आज कुठे राहतात, संख्या, इतिहास, शासनव्यवस्था, आजचं जीवन, समारंभ आणि सार्वजनिक नाच. ‘आज’ हा कप्पा मुद्दाम बघावा. ज्या काळी इंडियन म्हणजे संपलेली गोष्ट असं धरून पुस्तकं निघत, त्या काळी कुठल्या महिन्यात कुठल्या गावी कुणाचा नाच असतो हे त्यांनी छापलं. कप्पे ठरलेले असल्याचा तोटाही आहे: चॉक्टॉंसारख्या मोठ्या राष्ट्राच्या आतले तट एका कप्प्यात मावत नाहीत, आणि मग उरतं ते एकसंध चित्र.

रस्त्याकडेच्या ऐतिहासिक पाट्यांचा मजकूरही त्या लिहीत. पाटीवर मोजक्या ओळी, गाडीतून उतरून मिनिटभरात वाचून होतील अशा. त्यात तारीख, अंतर, दिशा आणि एक नाव बसतं. वाद बसत नाही. १९५७ मध्ये, टपालगाडीच्या शताब्दीच्या तोंडावर, त्यांनी बटरफिल्डच्या वाटेवर पुन्हा लेख लिहिला. १९३३ ची ठाणी त्यात परत आली. त्याआधी पाच वर्षं बॉगी डेपोचं आजोबांचं घर जळून गेलं होतं.

२७ फेब्रुवारी १९७५ रोजी ओक्लाहोमा सिटीत त्या गेल्या.

आज बॉगी डेपोवर काम करायचं तर १९२७ चा लेख हाताशी हवाच, पण तेवढ्यावर थांबू नये. १९३७ मध्ये मंदीच्या काळातल्या सरकारी रोजगार योजनेतून गावोगावच्या वृद्धांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. ११ हजारांच्या आसपास मुलाखती, ११२ खंड. त्यांत मक्याचं टॉमफुला कसं शिजवत इथपासून शपथेवर सांगितलेल्या जमिनीच्या तक्रारींपर्यंत सगळं आहे, आणि बोलणारे बरेचसे असे की ज्यांच्या नावाला ‘क्रॉनिकल्स’मध्ये कधी जागा मिळाली नाही. नावांची सूची आहे, पण स्पेलिंगं मुलाखत घेणाऱ्यांनी आपापल्या कानाप्रमाणे लिहिली आहेत. शोधताना ‘अबी’चे सगळे अवतार करून पाहावेत.